पन्नास माणसांमागे पन्नास कपाशीची झाडे

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, ज्वारीची पडेल किंमत आणि वीजबिल यांवर सकाळपासून बोलणे झाले आहे. मला दिलेल्या वेळात मी तुम्हाला पाचशे वर्षांपूर्वीची, साता समुद्रांपलीकडची एक हकीगत सांगणार आहे. कुणी म्हणेल, घरचे झाले थोडे आणि याने हे कुठले काढले! पण ज्या मिरचीशिवाय आपली भाकर घशाखाली उतरत नाही ती मिरची त्याच मुलखातली. मका तिकडचा, भुईमूग तिकडचा, तंबाखूही तिकडचीच. आणि आज आपल्या शिवारात जी कपाशी उभी असते ती बहुतेक अमेरिकन जातीची. मेक्सिकोच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवडून निवडून तिचे मूळ वाण तयार केले. ज्यांनी ही पिके जगाला दिली त्या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले, आणि त्यांच्यावरचा अन्याय दूर करायला निघालेल्या भल्या माणसांचे काय झाले, त्याची ही हकीगत आहे.

१४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला. तो निघाला होता हिंदुस्थानला, म्हणून तिथल्या माणसांना त्याने इंडियन म्हटले, आणि ते चुकीचे नाव त्या बिचाऱ्यांना कायमचे चिकटले. स्पेनच्या लोकांनी पहिले ठाणे दिले ते हिस्पानिओला बेटावर. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. तिथले ताइनो लोक शेती करणारे, मासे मारणारे. स्पेनचे लोक सोन्यासाठी आलेले. सोने नदीच्या वाळूत होते आणि वाळू उपसायला माणसे हवी होती.

ती मिळवण्यासाठी जी पद्धत बसवली तिचे नाव एन्कोमिएन्दा. आपल्याकडे इनाम म्हटले की जमीन डोळ्यासमोर येते. एन्कोमिएन्दात जमीन मिळत नसे, माणसे मिळत. हे पन्नास इंडियन तुझ्या हवाली, हे शंभर त्याच्या हवाली, असे राजाच्या नावाने वाटप होई. शब्दाचा अर्थच मुळी 'सोपवणे'. ज्याला माणसे मिळाली तो एन्कोमेन्देरो. त्याने त्यांचा सांभाळ करायचा, त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा, आणि या उपकाराच्या बदल्यात त्यांच्याकडून काम किंवा खंड घ्यायचा. कागदावर पाहिले तर गुलामगिरी नाही. माणूस विकता येत नाही, तो राजाची स्वतंत्र प्रजा आहे असेच लिहिलेले. प्रत्यक्षात वेठबिगार, तीही मरेपर्यंतची. गुलाम विकत घ्यावा लागतो, म्हणून धनी त्याला निदान जगवतो. फुकट मिळालेल्या माणसाची तेवढीही किंमत राहत नाही. १४९२ साली बेटावर किती लोक होते यावर विद्वानांचे वाद आहेत, पण १५१४ साली वाटपासाठी मोजदाद झाली तेव्हा सुमारे २६ हजार उरले होते. आणि देवीची मोठी साथ तिथे पोहोचली ती त्यानंतर, १५१८ च्या अखेरीस. म्हणजे सगळे पाप रोगाच्या माथी मारून चालणार नाही.

आता पहिला ओरडा कुणी केला ते पाहू. २१ डिसेंबर १५११, रविवार. सान्तो दोमिंगो गावचे चर्च. समोर गावातले सगळे बडे लोक, खुद्द कोलंबसाचा मुलगा आणि बेटाचा कारभारी दिएगो कोलोन बसलेला. अंतोनिओ दे मोंतेसिनोस नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू प्रवचनाला उभा राहिला आणि त्याने सरळ विचारले की, या लोकांना तुम्ही कुठल्या हक्काने राबवता? ती माणसे नाहीत काय? अशा पापात तुम्ही मेलात तर तुम्हाला मोक्ष नाही. सभा पेटली. सगळे बडे लोक मठावर चालून गेले. मठाचा प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा याने शांतपणे सांगितले की हे एकट्याचे बोलणे नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून बोललो आहोत. मंडळींची मागणी अशी की पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या. पुढच्या रविवारी चर्च गच्च भरले आणि मोंतेसिनोस पहिल्यापेक्षा कडक बोलला. वर त्याने बजावले की जो इंडियन राबवतो त्याचा पापाचा कबुलीजबाब यापुढे आम्ही ऐकणार नाही.

तक्रार राजापर्यंत गेली. एन्कोमेन्देरोंनी आपल्या बाजूने दुसऱ्या पंथाचा एक साधू स्पेनला धाडला. असे साधू मिळतातच. मोंतेसिनोसही गेला. राजाने पंडित आणि धर्मशास्त्री यांची समिती बसवली आणि २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोस शहरी ३५ कलमांचा कायदा झाला. युरोपातल्या एखाद्या राजाने अमेरिकेतल्या रयतेच्या रक्षणासाठी केलेला हा पहिला सर्वांगीण कायदा.

हा कायदा मी तुम्हाला जरा निवांत सांगतो, कारण सरकारी दयाबुद्धीचा इतका चोख नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यात म्हटले आहे की इंडियनांना काठीने वा चाबकाने मारू नये, कुत्रा म्हणू नये, नावाने हाक मारावी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून खाणीवर पाठवू नये, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत पाठवू नये. पाच महिने सोने काढले की चाळीस दिवस सुटी द्यावी. कपड्यासाठी माणशी वर्षाला एक सोन्याचा पेसो द्यावा. आणि दर पन्नास माणसांमागे काय काय असावे त्याची यादी आहे. चार झोपड्या. पाच हजार आळी, त्यांतली तीन हजार आपण ज्याचा साबुदाणा खातो त्या कंदाची आणि दोन हजार रताळ्यासारख्या कंदाची. अडीचशे मिरचीची झाडे. डझनभर कोंबड्या, एक कोंबडा. आणि पन्नास कपाशीची झाडे.

पन्नास माणसांना पन्नास झाडे! धुऱ्यावर विसरून राहिलेली पऱ्हाटीसुद्धा यापेक्षा जास्त भरेल. ज्या लोकांनी कपाशी माणसाळवली त्यांना राजदरबारातला कारकून सांगतो आहे की तुम्ही माणशी एक झाड लावा.

आता पुढचे ऐका. या नव्या झोपड्या एन्कोमेन्देरोच्या मळ्याशेजारी बांधायच्या. तिथे सगळ्यांना आणायचे, आणि मग त्यांच्या जुन्या गावातल्या झोपड्या जाळून टाकायच्या, म्हणजे परत जायची इच्छाच होणार नाही. कायद्याच्या सुरुवातीलाच कारण दिले आहे की हे लोक स्वभावाने आळशी आहेत, दूर आपल्या गावी राहिले की जुन्या वळणावर जातात. राबवणारा राबणाऱ्याला आळशी म्हणतो, हे आपल्याला नवीन नाही. आणि अंमलबजावणी? प्रत्येक ठिकाणी दोन तपासनीस नेमायचे. त्या तपासनिसांना मोबदला काय? तर त्यांनाही इंडियन वाटून द्यायचे! ज्याच्या घरी माणसे राबतात त्यानेच शेजाऱ्याच्या घरी माणसे नीट राबतात की नाही हे बघायचे. मोंतेसिनोसने विचारले होते 'कुठल्या हक्काने'. उत्तर आले 'चाळीस दिवसांची सुटी'. मूळ प्रश्नाला कायद्याने हातच लावला नाही.

याच सुमारास, १५१३ साली, आणखी एक दस्तऐवज तयार झाला. कुठल्याही गावावर हल्ला करण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. देवाने जग निर्माण केले, पोपने हा मुलूख स्पेनच्या राजाला दिला, तेव्हा मुकाट शरण या, नाहीतर जे होईल त्याचा दोष तुमच्यावर, असा त्यातला आशय. वाचायचा स्पॅनिश भाषेत. कधी ओस पडलेल्या गावापुढे, कधी झाडांपुढे. नोटीस बजावली, पंचनामा झाला, आता मारायला मोकळे.

आता मुख्य माणसाकडे येतो. बार्तोलोमे दे लास कासास. जन्म सेव्हिलचा, १४८४ चा. १५०२ साली नशीब काढायला हिस्पानिओलाला आला. पुढे धर्मोपदेशक झाला, पण एन्कोमेन्देरोही होताच. क्युबा जिंकताना सोबत होता, आणि त्याबद्दल तिथेही त्याला माणसे मिळाली. १५१४ साली एका सणाच्या प्रवचनाची तयारी करताना, अन्यायाने मिळवलेल्या धनाचा नैवेद्य देवाला चालत नाही अशा अर्थाचे वचन त्याच्या वाचनात आले आणि ते मनात रुतून बसले. त्याने आपली माणसे सोडून दिली आणि १५ ऑगस्टला जाहीर प्रवचनात तसे सांगितले. तिथून पुढची बावन्न वर्षे, मरेपर्यंत, त्याने दुसरे काम केले नाही.

त्याच्या सुरुवातीच्या योजनांतली एक आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. तो म्हणाला, शिपाई पाठवू नका, शेतकरी पाठवा. कष्ट करणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर उठणार नाही. स्पेनच्या खेड्यांत तो माणसे गोळा करत फिरला. जमीनदारांच्या जाचातून पोरेबाळे सुटतील म्हणून म्हातारे लोकही नाव नोंदवायला आले. मग जमीनदार बिथरले. कुळेच निघून गेली तर खंड कोण देणार? योजना मोडली. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर त्याने केलेला प्रयोगही १५२२ पर्यंत रक्तपातात संपला.

दुसरी योजना मात्र त्याच्या नावाला लागलेला डाग आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. इंडियन मरताहेत, तेव्हा त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणा, असे १५१६ साली त्याने राजाला सुचवले. आफ्रिकी गुलाम त्याआधीच आणले जात होते, हा धंदा त्याने सुरू केला नाही. पण एका दुबळ्याची मान सोडवायला त्याने दुसऱ्या दुबळ्याची मान पुढे केली. पुढे त्याला स्वतःलाच ते पटले, आणि आपल्या मोठ्या इतिहासग्रंथात त्याने आपला दोष लिहून ठेवला. पण तो ग्रंथ छापला गेला १८७५ साली, म्हणजे आपल्याकडे सुप्याला सावकारांचे कागद जाळले गेले त्या वर्षी. तोवर आफ्रिकी माणसाच्या पाठीवर अमेरिकेतली अख्खी कापूसशेती उभी राहून गेली होती. तिथे यादवी युद्ध पेटले आणि तो कापूस थांबला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ ला युद्ध संपताच तो कोसळला, हे आपल्या पणजोबांना ठाऊक होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती ही गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

स्पेनमध्ये वाद चालूच होता. सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरिआ याने १५३९ साली व्याख्यान देऊन सांगितले की पोप काय किंवा सम्राट काय, सगळ्या जगाचा मालक कुणीच नाही. स्पेनचे लोक येण्याआधी इंडियन आपल्या जमिनीचे खरे मालक होते. मग त्यानेच, व्यापार आणि प्रवास यांना अडवले तर युद्ध न्याय्य ठरू शकते, अशी खिडकी उघडी ठेवली. व्यापाराच्या त्या खिडकीतून पुढे कोण कोण कुठे कुठे शिरले हे तुम्हाला सांगायला नको.

अखेर २० नोव्हेंबर १५४२ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सने नवे कायदे केले, आणि यात मूळ प्रश्नाला हात होता. इंडियनांना यापुढे कुठल्याही सबबीखाली गुलाम करायचे नाही. सरकारी अधिकारी आणि मठ यांच्याकडची माणसे काढून घ्यायची. नवे वाटप बंद. आणि एन्कोमेन्देरो मेला की त्याची माणसे मुलाकडे जाणार नाहीत, थेट राजाकडे जातील. सम्राटाला दयेचा पाझर फुटला असेलही. पण समुद्रापलीकडे वंशपरंपरागत सरदार तयार झाले तर ते उद्या आपल्यालाच जुमानणार नाहीत, हेही त्याला दिसत होते. लास कासासची नीती आणि राजाचा स्वार्थ एका रेषेत आले तेवढ्यापुरता कायदा झाला, असे माझे मत आहे.

पेरूमध्ये बंड झाले. कायदा घेऊन गेलेला व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला याचे डोके जानेवारी १५४६ मध्ये कीतो शहराजवळच्या रणांगणावर उडवले गेले. बंडाचा पुढारी होता गोन्सालो पिसारो. मेक्सिकोत तर अधिकाऱ्याने वारा ओळखून अंमलच पुढे ढकलला. सम्राटाने ऑक्टोबर १५४५ मध्येच वारसा बंद करणारे कलम मागे घेतले होते. मग नवा अधिकारी गेला, त्याने १५४८ साली पिसारोला हरवून त्याचा शिरच्छेद केला, आणि बंडखोरांकडची माणसे जप्त केली. ती सुटली का? नाही. राजनिष्ठ राहिलेल्यांना बक्षीस म्हणून वाटून दिली.

सगळेच पाण्यात गेले असेही नाही. ग्वातेमालात अलोन्सो लोपेस दे सेर्रातो नावाच्या अधिकाऱ्याने गुलामबंदीचे कलम खरोखर अमलात आणले आणि गुलाम इंडियनांना मोकळे केले. गावचे बडे लोक त्याच्या नावाने खडे फोडत राहिले. एक अधिकारी न विकता उभा राहिला तर तेवढ्या मुलखात कायदा कायदा असतो, एवढे यावरून दिसते. लास कासास स्वतः चिआपासचा बिशप होऊन गेला, माणसे मोकळी करून भरपाई दिल्याशिवाय एन्कोमेन्देरोंना पापमुक्ती देणार नाही असा त्याने हुकूम काढला, आणि दोन वर्षांच्या आत त्याला तिथून निघावे लागले.

मग १५५० साली एक अजब गोष्ट घडली. सम्राटाने हुकूम दिला की वादाचा निकाल लागेपर्यंत नवे मुलूख जिंकणे थांबवा. वायादोलिद शहरी चौदा पंचांची सभा बसली. एका बाजूला हुआन हिनेस दे सेपुल्वेदा, मोठा विद्वान, राजदरबारचा इतिहासकार, अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेला. तो तीन तास बोलला. त्याचे म्हणणे, काही माणसे जन्मतःच राबण्यासाठी असतात, ॲरिस्टॉटलने तसे म्हटले आहे; हे लोक मूर्तिपूजक आहेत, नरबळी देतात; त्यांतले निरपराध वाचवण्यासाठी आणि धर्माचा मार्ग मोकळा करण्यासाठी आधी त्यांना जिंकले पाहिजे. दुसऱ्या बाजूला लास कासास. त्याने आपले बाड पाच दिवस वाचले. त्याचा रोख असा की रोमन लोकांच्या लेखी आपले स्पेनचे पूर्वजही रानटीच होते, मग त्यांनी आपल्याला कायमचे राबवले असते तर चालले असते का? हे लोक शहरे बांधतात, राज्य करतात, शेती करतात. ती शहाणी माणसे आहेत. आणि नरबळीतून जितके वाचतील त्यापेक्षा कितीतरी जास्त तुमच्या युद्धात मरतील.

पुढच्या वर्षी दुसरी बैठक झाली. निकाल लागलाच नाही. दोघेही म्हणाले, आपण जिंकलो. सेपुल्वेदाचा ग्रंथ छापायला परवानगी मिळाली नाही. पण मेक्सिको शहराच्या नगरपालिकेने त्याला दोनशे पेसोंचे दागिने आणि कपडे भेट द्यायचा ठराव केला. लास कासासने १५५२ साली आपले छोटे पुस्तक छापले, त्यात अत्याचारांची जंत्री होती. ते स्पेनच्या शत्रूंनी उचलून धरले. डच भाषेत झाले, १५८३ साली इंग्रजीत झाले. स्पेनच्या क्रौर्याने इंग्रजांचे मन फार द्रवले. त्यांची स्वतःची कंपनी त्यानंतर सतरा वर्षांनी निघाली.

या साऱ्या वादात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. प्रवचन साधूचे, कायदा राजाचा, पंच विद्वान, वकील बिशप. ज्याच्या मानेवर जू आहे तो वायादोलिदच्या त्या दालनात कुठेच नव्हता.

तो आला १५६० साली, आणि कसा आला ते ऐका. स्पेनचा खजिना रिकामा झाला होता. पेरूच्या एन्कोमेन्देरोंनी राजा दुसऱ्या फिलिपला सांगितले, आमची माणसे आम्हाला कायमची, पिढ्यान्‌पिढ्या विकून टाका, लाखो दुकाते मोजतो. राजा राजी होत आला होता. तेव्हा पेरूमधल्या इंडियन गावपुढाऱ्यांनी लास कासास आणि दोमिंगो दे सान्तो तोमास या दोन साधूंना मुखत्यारपत्र दिले आणि त्यांच्यामार्फत राजापुढे बोली लावली. एन्कोमेन्देरो जी रक्कम देतील त्याच्यावर आम्ही एक लाख दुकाते जास्त देतो. आम्हाला कुणाला विकू नका, आम्हाला थेट तुमची प्रजा ठेवा, आमच्या जमिनी कुणाला घेऊ देऊ नका. स्वतःच्याच लिलावात स्वतःवर बोली! दया मागितली नाही, कुणाला पापाची भीती घातली नाही. राजाला कळते त्या भाषेत, रोख रकमेत, आपले म्हणणे मांडले. मला विचाराल तर मोंतेसिनोसच्या प्रवचनाइतकाच मान मी या बोलीला देतो.

राजाने दोघांकडूनही ते पैसे घेतले नाहीत, आणि माणसे कायमची विकलीही नाहीत. एन्कोमिएन्दा एका-दोन पिढ्यांच्या मुदतीने चालू राहिली. लास कासास १५६६ साली माद्रिदला वारला. १५७३ साली राजाने नवा फतवा काढून मुलूख 'जिंकणे' हा शब्दच कागदपत्रांतून हद्दपार केला. यापुढे 'शांत करणे' असे लिहायचे. त्याच वर्षांत पेरूचा व्हाइसरॉय तोलेदो याने पोतोसीच्या चांदीच्या खाणीसाठी मिता नावाची पाळी बसवली. दरवर्षी तेरा हजारांच्या वर माणसे आळीपाळीने, बायकापोरांसह, शेकडो कोस चालत त्या डोंगरावर जात. मजुरी ठरलेली होती, तीही कायद्याने, पण त्या मजुरीत पोट भरत नसे. ती चांदी व्यापाऱ्यांच्या हातून फिरत सुरतेच्या टांकसाळीपर्यंत आली, तिचे रुपये पडले.

मिता रद्द करण्याचा ठराव झाला तो १८१२ साली, स्पेनच्या काडीस शहरी भरलेल्या लोकसभेत. ग्वायाकीलचा प्रतिनिधी होसे होआकीन दे ओल्मेदो याने त्यासाठी भाषण केले. १८१४ साली राजा परत गादीवर आला आणि त्याने त्या लोकसभेचे सगळे केलेले रद्द केले. मग दहा वर्षांत स्पेनचे राज्यच तिथून गेले. पण इंडियनांवरची डोईपट्टी नव्या स्वतंत्र पेरूनेही चालू ठेवली, कारण तिच्याशिवाय तिजोरी भरत नव्हती. ती पट्टी रामोन कास्तिय्या याने १८५४ साली उठवली. तोपर्यंत पेरूच्या सरकारला दुसरे उत्पन्न सापडले होते. किनाऱ्याजवळच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची शेकडो वर्षांची विष्ठा साचलेली होती, आणि युरोपातले शेतकरी ती खत म्हणून रोख पैसे मोजून विकत घेत होते.